अकरा महिन्यांचा करार

“लिफ्ट बंद पडली तर?” मीनाबाईनं विचारलं.

“जनरेटर हाय, मावशी,” एजंट सम्राट म्हणाला. “आन् तिसराच मजला की. चालत बी येतंय.”

मीनाबाई मान हलवून थेट स्वयंपाकघरात शिरली. केरबा हॉलच्या खिडकीपाशी उभा राहिला. वारा भरभरून येत होता. चार दिवसांत बघितलेला हा सातवा फ्लॅट, आणि पाय ठेवताक्षणीच त्याच्या मनात भरलेला पहिला.

केरबानं एकतीस वर्षं कुवेतला क्रेन चालवली. लग्नानंतर एकविसाव्या दिवशी त्यानं विमान गाठलं होतं. पुढं दोन वर्षांतून एकदा सुट्टी, तीही पाहुण्यारावळ्यांत संपायची. इकडं गडमुडशिंगीत मीनाबाईनं म्हशी सांभाळल्या, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, लेक वाढवली आणि कबनूरला दिली. गेल्या महिन्यात केरबा कायमचा परत आला. चार आठवडे गावात काढल्यावर त्यानं जाहीर केलं, आता कोल्हापुरात घर करायचं.

मीनाबाई मोडता घालील असं त्याला वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी धारा उरकून, नवं लुगडं नेसून तीच दारात उभी. “चला, बघूया.”

वाद होता तो एकच. त्याला घर विकत हवं होतं. तिला भाड्यानं.

“ओटा लहान हाय,” केरबानं आत डोकावून म्हटलं. “एकच शेगडी मावंल.”

“एक बास की,” ती म्हणाली आणि सम्राटकडं वळली. “जवळ खानावळ हाय का?”

“कोपऱ्यावरच, मावशी. घरगुती.”

केरबाला हसू आलं. जन्मभर चुलीपुढं बसलेल्या बाईला आता आयतं खावंसं वाटत असेल, तर वाटू दे.

“आन् मुडशिंगीची शेवटची बस कवा असती?”

“म्हशीत जीव अडकलाय हिचा,” केरबा सम्राटला म्हणाला. “इकून टाकू म्हशी. सुटशील एकदाची.”

“बघू,” ती म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमधली चिमणाबाई दारात उभी होती. मीनाबाईनं तिलाही सोडलं नाही.

“एकट्या माणसाला करमतंय का हो हितं?”

“न करमायला काय झालं? खाली कट्टा हाय. संध्याकाळी समदी गोळा हुत्यात.”

“मग झालं,” मीनाबाई म्हणाली.

केरबाला तिची दया आली. आपण बाहेर गेल्यावर हिचं कसं व्हायचं, याची आत्तापासून काळजी. तिला एकटं टाकून कुठं जायचं नाही, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

सम्राटला निरोप देऊन दोघं समोरच्या हॉटेलात बसली. केरबानं दोन स्पेशल चहा सांगितले, जादा साखर घालून. चहा आला. मीनाबाईनं कप पुढं ओढलाच नाही.

“का गं?”

“साखर सोडून बारा वर्सं झाली.”

“मला कुणी सांगितलं न्हाई ते.”

“तुमी इचारलं न्हाईसा.”

केरबानं तिचाही कप आपल्याकडं घेतला. मग आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ मीने. एकतीस वर्सं एका खोलीत सहा गडी झोपलोय. कवाबी कंपनी म्हनायची, उचला बिऱ्हाड. उचलायचं. आता मला माझा दरवाजा पायजे. मालकीचा. त्यात तुझं काय अडतंय?”

“घर एका दिवसात कळत न्हाई,” ती म्हणाली. “उन्हाळा काढाय लागतो, पावसाळा काढाय लागतो. अकरा म्हैनं भाड्यानं घ्या. मग माझं मन बसलं तर खुशाल इकत घ्या. सही बी मी करीन.”

“आन् न्हाई बसलं तर?”

“तवाचं तवा.”

आवाज चढला नव्हता, पण त्यात तसूभरही ढील नव्हती. या बाईनं एकटीनं बैठकीत बसून लेकीची सोयरीक जमवली होती, ते त्यानं फोनवर ऐकलं होतं. कशी जमवली असेल ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं. त्यानं दोन्ही कप संपवले.

“बरं बाई. अकरा तर अकरा.”

त्या रात्री तो सुखानं झोपला. अकरा महिन्यांचं काय एवढं? एकतीस वर्षं गेली, हे तर चुटकीसरशी जातील. मग हॉलमध्ये झोपाळा टांगायचा. सकाळी दोघांनी त्यावर बसून पेपर वाचायचा. तिला वाचायला आवडतं की नाही, हे मात्र त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता दोघं सम्राटच्या ऑफिसात पोचली. मीनाबाईनं त्याला सकाळीच फोन करून सगळं सांगून ठेवलं होतं. कागद तयार होता. सम्राट एकेक कलम वाचत गेला आणि केरबा माना डोलवत गेला. भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. पाणी सकाळी सहा ते आठ.

“घरात राहणार व्यक्ती, एक,” सम्राटनं वाचलं. “केरबा गणपती चौगले.”

“थांब थांब,” केरबा म्हणाला. “चुकलंय ते. दोन पायजे.”

सम्राटनं मीनाबाईकडं बघितलं.

“चुकलं न्हाई,” ती म्हणाली. “म्याच तसं सांगितलंय. तुमी ऱ्हावा. दर रविवारी धाच्या बसनं मी येतो. सांजच्याला माघारी जातो.”

केरबानं कागद बाजूला सारला.

“का? घर पसंत न्हाई व्हय तुला?”

मीनाबाईनं टेबलावरचं पेन उचलून त्याच्या हातात दिलं.

“घर पसंत हाय,” ती म्हणाली. “माणूस अजून बघायचा हाय.”