सहीच्या रकान्यात

डॉक्टरांनी खिळ्यावरचा तक्ता काढला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

तक्ता साधाच होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलायची, वेळ लिहायची, डावी की उजवी ते लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात सही करायची. खाटेवरचे इंग्रजीचे निवृत्त सर मणक्याच्या दुखण्याने सात महिने घरीच आडवे होते. रात्री त्यांचं सून बघायची, दिवसा सिस्टर. रात्रीच्या ओळींत सुनेच्या सह्या होत्या. दिवसाच्या ओळींत सही औषधालाही नव्हती. तिथे लिहिलं होतं, ‘गिव्ह बॅक, परत देणे’. खाली ‘टॉक बॅक, उलट उत्तर देणे’. त्याखाली ‘बॅक आउट, ऐन वेळी अंग काढून घेणे’.

“सिस्टर, हा काय पोरखेळ आहे?” डॉक्टर म्हणाले. “वही समजलात का याला? कूस खरंच बदलली होती, की एका बैठकीत भरून टाकलंय सगळं? असल्या तक्त्यावर मी अनुभवाचं पत्र कसं देऊ?”

सिस्टरने मान खाली घातली. इंग्रजीची परीक्षा ती तिसऱ्या खेपेला पास झाली होती. परदेशातल्या रुग्णालयात नोकरी ठरली होती. या पत्राशिवाय तिथे तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

गुन्हा खरं तर सरांचाच होता. पहिल्याच महिन्यात तिने ‘द डॉक्टर विल बी बॅक’चं मराठी ‘डॉक्टर पाठ होतील’ असं करून दाखवलं होतं. सर इतके हसले, की मणक्याने त्यांना तिथल्या तिथे शिक्षा केली. मग त्यांनीच ठरवलं, मेल्या एका शब्दाचे एवढे अर्थ, तर दर कुशीला एक. लगेच लिहून घ्यायचं. कागद शोधत कशाला बसा, समोर तक्ता आहेच. सही राहिली ती राहिलीच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशी ही मास्तरकी.

“डॉक्टर, तिला बोलू नका. लिहायला मी लावलं,” सर म्हणाले. “आणि कूस बदलली की नाही ते तक्त्याला काय विचारता? हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला वळवा आणि बघा.”

सिस्टर पुढे झाली. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. “सर, श्वास सोडा,” म्हणत तिने त्यांना अलगद कुशीवर घेतलं आणि सदरा वर केला. डॉक्टरांनी माकडहाडापाशी दाबून पाहिलं, खांद्याची पाती पाहिली, टाचाही उचलून पाहिल्या. सर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आपल्या निकालाच्या दिवशीही त्यांची छाती एवढी धडधडली नव्हती.

“सात महिने,” डॉक्टर अखेर म्हणाले. “जखम सोडा, लाल डागसुद्धा नाही. माझ्या वॉर्डात नाही जमत हो हे.” ते खुर्चीवर बसले आणि बॅगेतून छापील कागद काढला. “सिस्टर, पूर्ण नाव सांगा.”

तिने नाव सांगितलं. या पत्रापाठोपाठ ती जाणार, हे सरांना कळत होतं. वाईट वाटत होतं, आणि तरी पेनाची करकर त्यांना गोड लागत होती. या मुलीचं आपण केवढं देणं लागतो, हे बोलायला चाळीस वर्षं शब्द शिकवलेल्या माणसाला शब्द सापडेनात.

“तुझ्या फोनवर एक फोटो काढ,” ते म्हणाले. “पाठीचा. मलाही बघू दे.”

तिने काढला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. सुरकुतलेली, स्वच्छ, पावडर लावलेली पाठ. डाव्या खांद्याखाली एक तीळ होता. तो आपल्याला आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सरांनी तिचा हात धरून फोन आणखी जवळ घेतला.

“ही माझी?” ते म्हणाले. “अगं, एवढी जपलेली दुसरी वस्तू नाही या घरात.”