तयार कान

मेकॅनिकने जुन्या मोटरसायकलला दुसरा कार्बोरेटर बसवला, किक मारली आणि स्क्रू केसभर मागेपुढे फिरवू लागला. सगळं ट्युनिंग नुसतं कानावर करतो, अशी त्याची ख्याती होती आणि दुकान त्याच ख्यातीवर चालत होतं. समोर स्टुलावर त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासूनची ही सहावी गाडी. इंजिनाची लय लागली तशी तिने मान डोलावली, आणि त्याचा हात थांबला.

"काय तयार कान आहे!" गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं. "पण वहिनी, तुम्ही या धडधडाटात कशाला बसता? आत जाऊन जरा पडा की."



"यांना ऐकू येईनासं होऊन चार वर्षं झाली, भाऊ," ती थकून म्हणाली. "मी आत गेले, तर हे कान कुठून आणणार?"