बापाचा आवाज

सेरुन्जोगीने माइकवर दोन टिचक्या मारल्या, आणि प्रॉस्कीला कळलं, बापाने शब्द मोडला.

रविवारची दुपार होती. युगांडातल्या न्येंडो गावच्या त्याच्या पत्र्याच्या व्हिडिओघरात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोटारसायकलवाले, खाटीकखान्यातले गडी, केळीच्या बाजारातल्या चार-दोन बायका. सगळे त्याच्यासाठी आलेले. तीस वर्षं तो इथे परदेशी सिनेमे लावत होता आणि पडद्याशेजारी बसून माइकवर ते लुगांडा भाषेत सांगत होता. सांगत होता म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलत होता. हाँगकाँगच्या गुंडाला तो जवळच्या मसाका शहरातल्या एखाद्या पुढाऱ्याचं नाव चिकटवायचा, की बाकं हसून हलायची. लोक त्याला व्हीजे म्हणत. सिनेमाचं नाव कुणी विचारत नसे; आज व्हीजे आहे ना, एवढंच विचारत.

प्रॉस्की सिनेमा शिकली ती त्याच्या कोपराला कोपर लावून. बाप काय बोलतो ते ऐकायची आणि पडद्यावरची माणसं खरं काय करताहेत ते बघायची. दोन्हींचा मेळ क्वचितच बसायचा. पुढे कंपालात तिने सात वर्षं लोकांची लग्नं आणि मयती चित्रित केल्या. मग उसन्या आणलेल्या कॅमेऱ्यावर, एकोणीस दिवसांत, स्वतःचा पहिला सिनेमा केला. नवऱ्याचं घर सोडून जाणाऱ्या एका बाईचा. परदेशातल्या एका महोत्सवात तो लागला, तिथल्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिला बरं वाटलं, पण तेवढंच. तिला तो सिनेमा एकाच माणसाला दाखवायचा होता.

सकाळी तिने रीतीप्रमाणे गुडघे टेकून बापाला विनंती केली होती. सिनेमा आपल्याच भाषेत आहे, तेव्हा आज माइक नको, नुसतं बसून बघा. त्याने मान डोलावली होती.

पहिला अर्धा तास तो खरंच गप्प बसला. बाकांवर चुळबुळ झाली. व्हीजेची दातखीळ बसली काय, असंही कुणी विचारलं. मग पडद्यावरची बाई चुलीपाशी बसली आणि एका हाताने, दातांत टोक धरून, दुसऱ्या हाताच्या सुजलेल्या मनगटाला चिंधी बांधू लागली. तेव्हा त्याने माइक उचलला.

"झऱ्यावर पाय घसरला हो बाईचा," त्याचा आवाज घुमला. "आणि आता नाव कुणाचं घेणार? नवऱ्याचं."

बाकं हसली. सुटल्यासारखी हसली.

तसं मनगट प्रॉस्कीने आईचं पाहिलं होतं. नऊ वर्षांची होती ती. ते कशाने मोडलं, तेही पाहिलं होतं. ती बापाच्या कानाशी वाकली. "ताता, तुम्ही कबूल केलं होतं."

त्याने माइकवर तळहात ठेवला. "माझं घर तू चव्हाट्यावर मांडायचंस, आणि मी माझ्याच जागेत तोंड शिवून बसायचं?" तो हळूच म्हणाला. चिडून नाही. हिशेब समजावून सांगावा तसा.

पुढचा प्रसंग चार मिनिटांचा होता. बाई कपड्यांचं गाठोडं बांधते. मुलगी दारात उभी असते. बाई तिच्या गालाला हात लावते आणि तिला तिथेच सोडून निघून जाते. या चार मिनिटांत प्रॉस्कीने एक शब्द घातला नव्हता. त्या सकाळी आई काहीच बोलली नव्हती, आणि पुढे बोलायला ती जगली नाही. तिच्या मनात काय असेल यावर प्रॉस्कीने वीस वर्षं विचार केला होता. शेवटी जे माहीत नाही ते लिहायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

सेरुन्जोगीने आवाज बायकी केला. "पोरी, तुझा बाप देवमाणूस आहे गं. माझंच मन थाऱ्यावर नाही. सरहद्दीवरचा ट्रकवाला खाली वाट बघतोय."

शिट्ट्या पडल्या. बाजारातल्या एका बाईने, असल्या आया असण्यापेक्षा नसलेल्या बऱ्या, असं शेजारणीला सांगितलं.

प्रॉस्की उठली. भिंतीपाशी जाऊन तिने माइकची पिन उपटली. त्याचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. मग त्या खोलीत पुन्हा नुसता तिचा सिनेमा ऐकू आला. गाठोड्याची गाठ आवळली गेली. अंगणात कोंबडी फडफडली. खडीवर पावलं वाजली. बाकांवर कुणी खोकलंसुद्धा नाही. तिला वाटलं, आता बघतील.

"जा, जा," मागच्या बाकावरून एक मोटारसायकलवाला म्हणाला. "ट्रक सुटेल तुझा."

हशा उसळला. दुसऱ्याने, पोरीची तरी लाज धर, म्हणून बाईला सुनावलं. मग बायकाही बोलू लागल्या. पाहता पाहता सगळं व्हिडिओघर पडद्याकडे हात करून ओरडू लागलं, आणि जो तो त्या ट्रकवाल्याविषयीच बोलत होता.

सेरुन्जोगीने मुका माइक मांडीवर ठेवला. लेकीच्या हातातल्या पिनेकडे त्याने पाहिलं.

"लाव, नाहीतर राहू दे," तो म्हणाला. "आता त्यांचं त्यांना येतंय."

तांबड्या रस्त्यावरून बाई पाठमोरी चालली होती. कुणी कितीही हाका मारल्या तरी वळायचं नाही, असं प्रॉस्कीने त्या नटीला बजावलं होतं.