मुंगी चावल्यावानी

"काढायचं सोडून कायबी करा," सुभान म्हणला.

दौंडचा दाताचा डॉक्टर त्याच्याकडं बघतच राह्यला. खेड्यातलं माणूस दारातनंच वरडत यायचं, उपटा एकदाचा म्हणून. आन् ह्यो पन्नाशीचा गडी, गाल सुजून भोपळा झालेला, तरी दात वाचवा म्हणतोय.

डॉक्टरनं सांगितलं, तीन फेऱ्या हुतील. आज दाताला भोक पाडून नस मारायचं औषध भरायचं. मंग मेलेली नस बारीक सुईनं वढून काढायची, आतली पोकळी धुवायची. शेवटाला सिमेंट भरून तोंड बंद. दुखंल का, ते सुभाननं इचारलंच न्हाई. त्याला ऐकायचं नव्हतं.

सुया उकळायच्या व्हत्या, म्हणून त्याला भाईर बाकड्यावर बसवला. मफलर नाकापत्तूर गुंडाळलेला, पायाशी कापडी पिशवी. न्हावऱ्यातनं निघताना बायकोला, बिबीजानला त्यानं दौंडच्या बाजाराला जातो एवढंच सांगितलं व्हतं. दाताचं कुणाला कळू द्यायचं नव्हतं. वळखीचं माणूस गाठ पडलं तर काय, म्हणून मान खाली घातलेली.

शेजारी खुटबावचा हौसराव बसलेला. त्याची दाढ मागल्या म्हैन्यात हितंच वाचवली व्हती, आज नुसती दाखवायची व्हती. गडी बोलघेवडा. गाव इचारलं, नाव इचारलं. पाय लांब केला तर पिशवीला लागला, पिशवी खडखडली.

"शेंगा का, चाचा?"

सुभाननं व्हय म्हणून मान हलवली.

मंग हौसराव सांगत बसला. नस मारायचं औषध म्हंजी सोमल असतो म्हणं, उंदराला घालत्यात त्यो. पर एवढासाच. आपण न्हाई का जित्तं. सुभानच्या कपाळावर घाम आला. हौसराव हासला, आन् हासता हासता बहिणीचं सांगाय लागला.

त्याची एक बहीण व्हती, गिताबाई. शिरूरकडं दिलेली. दाढ दुखाय लागली तवा कुठला डॉक्टर आन् काय, शिरूरच्या बाजारात एक दात काढणारा बसायचा, त्याच्याकडं गेली. त्यानं चिमटा घातला आन् दाढ हातावर ठिवली. तिसऱ्या दिशी जबडा सुजून बंद झाला. आठव्या दिशी बाई गेली. मागं दोन लेकरं, धाकटं अंगावर पिणारं.

"मी सा म्हैनं शिरूरचा बाजार धुंडला, चाचा. तवाधरनं त्यो तिथं बसत न्हाई म्हणत्यात."

सुभानला बोलायचं नव्हतं, तरी तोंडातनं गेलं. "गावला तर?"

"इचारीन. चिमटा उकळला व्हता का, एवढंच. ह्यो डॉक्टर म्हणतो, न उकळलेल्यानंच तसं हुतं." हौसराव चपलेनं भुई उकरत व्हता. "आन् तिला म्हणला काय, तर मुंगी चावल्यावानी वाटंल, बाय. जाताना आमची गिता त्येच म्हणत व्हती. दादा, मुंगी न्हवती रं ती."

आतनं हाक आली.

सुभान खुर्चीत बसला. दाताला भोक पाडायचं गिरमिट पायानं चालवायचं, शिलाई मशीनवानी. भगुण्यात सुया, चिमटं रटरटत व्हतं. त्याची नजर तिथनं हलंना.

"हे सगळं... दर टायमाला उकळता?"

"दर माणसाला," डॉक्टर म्हणला. "आणि हे बघा, दुखणार. खोटं सांगत नाही. सोसलं नाही तर हात वर करा, मी थांबतो."

सुभान उठाय लागला. तवा दारातनं बघणारा हौसराव आत आला आन् त्याचा हात धरून बसला. आपल्या बापाचा धरावा तसा.

गिरमिट फिरलं. दातातनं कळ निघाली ती थेट टाळूत. सुभाननं हौसरावचा हात एवढा आवळला की बोटं पांढरी पडली. पर त्यानं आपला हात वर केला न्हाई. तीनदा डॉक्टर आपणच थांबला.

"अंगठ्याला घट्टा केवढा हाय वो," हौसराव म्हणला. "दोरखंड वळता का?"

तोंड उघडंच व्हतं, म्हणून बोलावं लागलं न्हाई.

एस.टी.त सुभान खिडकीतनं थुकत गेला. सोमलाच्या भ्यानं थुका गिळला न्हाई, भाकरी खाल्ली न्हाई. रातभर नाडीवर बोट. सकाळी बघतो तर जित्ता, आन् ठणका निम्मा.

चौथ्या दिशी नस निघाली. डॉक्टरनं कापसावर ठिवून दावली. केसाएवढी, लालसर. एवढ्याशा धाग्यानं माणूस रडतो, ह्येचं त्याला नवल वाटलं. पुढल्या आठवड्यात सिमेंट भरलं. दोन-चार दिस ठुसठुसंल, डॉक्टर म्हणला, त्या बाजूनं चावू नका, मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरा.

निघताना सुभाननं त्या भगुण्याकडं बोट केलं. किती येळ उकळायचं?

"वीस मिनिटं. का?"

"काय न्हाई. आसंच."

पुढल्या बाजाराला सुभान पाबळात चिंचंखाली फडकं हातरत व्हता. तेवढ्यात एक बाई गाल धरून पुढ्यात येऊन बसली. कडंवर लेकरू. दुखंल का वो, म्हणली. सुभाननं तोंड उघडलं. मुंगी जिभंवर आली आन् तिथंच अडली. त्यानं रोजच्यावानी पिशवी उपडी केली. तीस वर्सांत उपटलेलं दात फडक्यावर घरंगळलं, आन् सुभान त्यात बोट घालून गिताबाईची दाढ हुडकत बसला.