कानाला पैकीच्या पैकी

बॉयलरचा पाइप फुटला आणि फिटरच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. तीन महिन्यांत पडदा भरून आला, पण कानात बसलेली शिट्टी काही थांबेना.

"घरी बसायची गोडी लागलीय, दुसरं काही नाही," असं म्हणून मॅनेजरसाहेबांनी त्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे धाडलं.

डॉक्टरांनी त्याला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. "शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं."

फिटरने दहा मिनिटं बटणावरचा अंगठा उचललाच नाही.

"पैकीच्या पैकी. एकही शिट्टी सुटली नाही तुमची," म्हणत डॉक्टरांनी 'कामास योग्य' असा शिक्का मारला.

आणि मशीनला जोडायचीच राहून गेलेली हेडफोनची वायर गुपचूप गुंडाळून खणात टाकली.