बिनकव्हरचा फोन

मोबाईलच्या दुकानात विद्याश्री ज्या छोट्या कंपनीचं काउंटर सांभाळायची, तिचा फोन स्वस्त होता, दणकट होता, तरी खपत नव्हता. गिऱ्हाईक हातात घेऊन खूश व्हायचं, मग विचारायचं, “याला कव्हर मिळतंय काय?” अख्ख्या कोल्हापुरात मिळत नव्हतं. कव्हरवाले शेजारच्या काउंटरवरच्या बड्या कंपनीच्या फोनचीच कव्हरं ठेवायचे. आज एकही फोन खपला नाही, तर उद्यापासून तिचं काउंटर बंद. संध्याकाळी बिद्री गावच्या बनाबाईंनी तो फोन पसंत केला. विद्याश्रीनं आधीच सांगून टाकलं, “मावशी, याला कव्हर मिळत न्हाय.” “कशाला पायजे?” बनाबाईंनी कमरेची पिशवी काढली, जुन्या इरकल लुगड्याची, हातानं शिवलेली. फोन तिच्यात अलगद सरकला आणि विद्याश्रीचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या काउंटरवरचं गिऱ्हाईक मान लांब करून बघत होतं. “अशी माझ्या फोनला मिळंल काय?” “न्हाय, पावणं,” विद्याश्री म्हणाली, “ही फक्त आमच्या फोनला मिळती.”