पावलाचं माप

पातेल्यावरचं झाकण खडखडलं. रायसाने गॅस बारीक केला. आत कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या रटरटत होत्या. डोइनाला आवडतात म्हणून तिने त्या पहाटे उठून वळल्या होत्या, आणि वळताना एकेका पानावर राग काढला होता.

तेवढ्यात फोन वाजला. तिने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"ताई, बोलोन्याला पोचले गं!" डोइना, तिची धाकटी बहीण, धापा टाकत होती. "इथं चार तास थांबायचंय, मग आपल्या किशिनाऊचं विमान. समोरच बुटांचं दुकान आहे. इलिंकाचं पाऊल काढ आणि सांग ना पटकन. बॅगेत एकच जोड मावेल, पण नेईन तर नीट बसणारा नेईन."

डोइना पाच वर्षं पोर्तुगालमध्ये एका म्हातारीची सेवा करत होती. घरी यायची ती फक्त ईस्टरला, तीन दिवस मिनीबसमध्ये अंग आंबवून. एरवी त्या मिनीबसमधून पार्सलंच यायची. अर्ध्या गावाच्या आया तिकडे होत्या, त्यामुळे घरोघरी एकच रीत पडली होती. पोराचं पाऊल कागदावर काढायचं, कागद मिनीबसच्या ड्रायव्हरकडे द्यायचा, आणि महिन्याभराने तिकडून बूट यायचे. डोइनाच्या लेकीचं, इलिंकाचं पाऊल रायसा काढायची. पोर एक वर्षाची असल्यापासून तिच्याच कुशीत वाढली होती. रायसाला स्वतःचं मूल नव्हतं.

आईचे बूट दरवेळी आवळ निघायचे.

"बघ, तुझ्या आईला तुझं पाऊलसुद्धा ठाऊक नाही," रायसा म्हणायची, आणि गुरुवारच्या बाजारातून बरोबर मापाचा जोड आणायची. इलिंका तो चिखलात घालायची. रविवारी चर्चला जाताना मात्र आईचेच. टाचांना फोड यायचे. रायसा मांडीवर पाय घेऊन मलम लावायची.

"दुखतं का गं?"

"नाही."

ते एक 'नाही' ऐकलं की रायसा मलमाची डबी आपटून बंद करायची.

मग या वसंतात बसथांब्यावर पिवळीजर्द पाटी लागली. स्वस्तातल्या विमान कंपनीचा नवा मार्ग, पोर्तुगालमधल्या पोर्तोहून किशिनाऊला, मध्ये बोलोन्याला थांबा. तिकीट मिनीबसपेक्षाही कमी. सामान तेवढं सीटखाली मावेल इतकंच.

शेजारची अगाफियाकाकू कुंपणावरून ओरडली होती, "रायसा, सुटलीस गं बाई! आता आया पार्सलातून यायच्या बंद. तुझी डोइना महिन्याच्या महिन्याला येईल बघ. मग पोरगी तुला ओळख तरी देते का, ते कळेल!"

काकू खो खो हसली. रायसाही हसली. त्या दिवशी ती पाटीकडे पाठ करून बसची वाट बघत उभी राहिली.

आता तिने इलिंकाच्या गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद फाडून जमिनीवर पसरला. कागद पाठवायला आज ड्रायव्हर नव्हता. टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे चौकोन मोजून सांगायचे होते. इलिंका मोजा काढून कागदावर उभी राहिली. सकाळपासून तिने केसांना तीनदा रिबीन बांधून घेतली होती. रायसा गुडघ्यांवर बसली. पेन्सिल तिने जराशी आतल्या बाजूला कलती धरली.

"मागचे कसे बसले गं?" फोनमधून डोइनाने विचारलं.

"आवळच. तुझ्या ध्यानात राहत नाही, त्याला मी काय करू?"



"मी तुझा कागद कापून बुटात घालून बघते, ताई. प्रत्येक वेळी. दोन-दोनदा बघते." डोइनाचा आवाज बारीक झाला. "तरी चुकतं. इथली दुकानदारीण आत्ता हसली मला. म्हणाली, कसली आई गं तू, पोरीचं माप विचारायला फोन करतेस? खरंच आहे तिचं. पोरीचं पाऊल दोन महिन्यांत अर्धं बोट वाढतं आणि मला ते कागदावर कळतं. तू नसतीस तर तेही कळलं नसतं. तूच तिची आई आहेस खरी. मी आपली पार्सलवाली."

हेच ऐकायला रायसाने पाच वर्षं कान टवकारले होते. ऐकलं, आणि तिच्या हातातली पेन्सिल टाचेपाशीच थांबली. पुढे रेघ ओढवेना. पातेल्यातून खाली सांडलेल्या रसाचा करपट वास आला. ती उठली नाही.

"ताई? ऐकतेयस ना? किती चौकोन?"

इलिंकाने वाकून मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. थांबलेल्या पेन्सिलीकडे पाहिलं. मग तिने हळूच हात लांब करून टेबलावरच्या फोनवर आपला तळवा दाबला, घट्ट, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. कागदावरच्या पायाची बोटं तिने सवयीने आत दुमडली आणि कुजबुजत विचारलं,

"मावशी, तू नेहमी लहान काढतेस ना... आज एवढी बोटं आत घेतली तर पुरेल?"